ओबर्लिन कॉलेजचे लुईस केंद्र: एका हरित इमारतीचा जमाखर्च

इमारतींना ऊब आणि गारवा पुरवणाऱ्या यंत्रणांची रचना करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे कोणी एखादी इमारत ‘हरित’ आहे असे सांगितले की मी प्रथम गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले मागतो. बहुतेक ठिकाणी बिलांऐवजी प्रवेशद्वारावरची मानांकनाची पाटी दाखवली जाते, आणि बिलांचा विषय पुन्हा काढला की चहा येतो. ज्या इमारतीने आपले मीटर पहिल्यापासून चारचौघांत मांडले, त्यावरून टीका ओढवून घेतली आणि मग स्वतःत दुरुस्ती केली, अशी एकच शैक्षणिक इमारत मी जवळून पाहिली आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या नैर्ऋत्येस साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या ओबर्लिन कॉलेजातील ‘ॲडम जोसेफ लुईस सेंटर फॉर एन्व्हायरन्मेंटल स्टडीज’ ही ती इमारत. गेल्या काही वर्षांत मी तिथे तीनदा गेलो. त्यातली एक फेरी ऐन फेब्रुवारीत, साताऱ्याहून आलेल्या वडिलांना बरोबर घेऊन झाली.

ओबर्लिन हे १८३३ साली स्थापन झालेले छोटे पण हट्टी कॉलेज आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आणि स्त्रियांना पदवीच्या वर्गांचे दरवाजे उघडण्याची गोष्ट तिथे १८३० च्या दशकातच घडली होती. पर्यावरण अभ्यासाचे प्राध्यापक डेव्हिड ऑर यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न मांडला: ज्या खोल्यांमध्ये आपण पर्यावरण शिकवतो त्या खोल्याच विद्यार्थ्यांना उलटा धडा देत असतील, तर आपल्या व्याख्यानांना काय अर्थ उरतो? त्यासाठी त्यांनी कॉलेजच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेर पैसा उभा केला, आणि १९९५-९६ मध्ये विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावकरी मिळून अडीचशेच्या आसपास माणसे तेरा जाहीर बैठकांमध्ये आराखड्यावर बोलली. आराखडा विल्यम मॅक्डोना यांच्या कार्यालयाने केला. सुमारे १३,६०० चौरस फुटांची ही दुमजली इमारत जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि एकूण खर्च ७० लाख डॉलरच्या घरात गेला. त्या आकाराच्या वर्ग-कार्यालयांच्या इमारतीसाठी ही रक्कम त्या काळीही बरीच मोठी होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे कौतुक या आकड्याच्या पार्श्वभूमीवरच वाचायला हवे.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी ईरी सरोवरावरून आलेल्या ढगांनी आकाश पार झाकले होते. उत्तर ओहायोत हिवाळ्याचे बरेचसे दिवस असेच जातात, आणि सौरऊर्जेवर चालायचे ठरवलेली इमारत बांधण्यासाठी याहून अवघड जागा शोधूनही सापडली नसती. बाबांनी कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर असा सरंजाम केला होता. दक्षिणेकडे तोंड केलेल्या दुमजली काचेच्या दालनात शिरल्यावर पाच मिनिटांनी मफलर निघाला, दहा मिनिटांनी कानटोपी. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांनी आधी वर्गाचा उजेड पाहिला. एका रिकाम्या वर्गात जाऊन त्यांनी दिव्याचे बटण बंद केले, शेवटच्या बाकावर बसून खिशातले तिकीट वाचून पाहिले आणि म्हणाले, “अरे, दिवा कशाला लावतात इथे?” बाहेर सूर्याचा पत्ता नसताना हे घडले, म्हणजे खिडक्यांची उंची, खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतचे अंतर आणि इमारतीची पूर्व-पश्चिम लांबण हे गणित रचनाकारांनी बरोबर सोडवले होते.

ऊब टिकते त्याची कारणे काही गूढ नाहीत. दालनाची काच तीन पदरी आहे आणि पदरांमध्ये आर्गॉन वायू भरलेला आहे. उत्तरेच्या बाजूला, जिथून गार वारा येतो, तिथे मातीचा भराव इमारतीला टेकवलेला आहे. दिवसा आत आलेले ऊन काँक्रीटमध्ये मुरते आणि संध्याकाळी हळूहळू परत मिळते. मुख्य काम मात्र जमिनीखाली चालते. परिसरात २४ कूपनलिका खोदलेल्या आहेत, प्रत्येक साधारण २४० फूट खोल. त्यांतून फिरणारे द्रव जमिनीतली, वर्षभर जवळपास स्थिर असलेली उष्णता हिवाळ्यात वर आणते आणि उन्हाळ्यात इमारतीतली नकोशी उष्णता खाली नेऊन सोडते. आपल्याकडे विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ही यंत्रणा काम करते. फरक इतकाच की मध्ये हीट पंप, म्हणजे उष्णता तयार न करता ती एका जागेहून दुसरीकडे ढकलणारे यंत्र, बसवलेला असल्यामुळे एक युनिट वीज खर्चून साधारण तीन-चार युनिटांची ऊब मिळते.

सामानाच्या निवडीतही असाच विचार दिसतो. तुळयांचे लाकूड प्रमाणित जंगलांतले आहे. जमिनीवरचा गालिचा अखंड नसून चौकोनी तुकड्यांचा आहे आणि तो विकत न घेता उत्पादकाकडून ‘सेवा’ म्हणून घेतलेला होता. झिजलेला तुकडा उचलायचा, उत्पादकाने तो परत न्यायचा आणि त्यातून नवा करायचा, अशी ती कल्पना. बाबांना ही कल्पना इमारतीतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आवडली. भांड्याला कल्हई लावून वापरणाऱ्या पिढीला ती परकी वाटायचे कारण नव्हते.

दालनाच्या शेजारी काचघरात ‘लिव्हिंग मशीन’ आहे. नाव मोठे असले तरी ही मैला शुद्ध करणारी बाग आहे. जीवशास्त्रज्ञ जॉन टॉड यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत स्वच्छतागृहांचे पाणी आधी हवाबंद टाक्यांत, मग हवा खेळवलेल्या टाक्यांत, नंतर वर हिरवीगार झाडे आणि खाली मुळांना चिकटलेले जंतू अशा उघड्या टाक्यांत आणि शेवटी खडी भरलेल्या पाणथळ वाफ्यात जाते. अतिनील किरणांखालून गेल्यावर तेच पाणी पुन्हा फ्लशसाठी वापरले जाते. टाकीच्या कडेला उभे राहिल्यावर ओल्या मातीचा आणि हळदीच्या वाफ्याचा आठवावा तसा वास येतो. आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे सांगितले नाही तर कळत नाही. बाबांनी मात्र मर्मावर बोट ठेवले. “मुलं सुट्टीला गेली की या जंतूंच्या जेवणाचं काय?” अशा यंत्रणेची खरी अडचण हीच आहे. शंभर-दीडशे माणसे दिवसा येऊन जाणाऱ्या इमारतीत मैला कमी आणि अनियमित असतो, तर जंतूंना रोजचा शिधा लागतो. शिवाय थंड प्रदेशात काचघर गोठू न देण्यासाठी ऊब द्यावी लागते, पंप आणि हवेचे फुंके चालू ठेवावे लागतात, म्हणजे पाण्याची बचत विजेच्या खात्यात नावे पडते. गावात चालू स्थितीतले मैलाशुद्धीकरण केंद्र असताना हा खर्च निव्वळ हिशेबाने पटण्यासारखा नाही. पण मैला कुठे जातो हे विसाव्या वर्षी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे काचघर म्हणजे प्रयोगशाळाच आहे, आणि त्या खात्यात मी त्याला पूर्ण गुण देतो.

आता कमी गुणांकडे वळतो. वर्षभरात जेवढी ऊर्जा लागेल तेवढी किंवा त्याहून अधिक ऊर्जा निर्माण करणारी इमारत, असा गाजावाजा सुरुवातीपासून झाला होता. छपरावरचे ६० किलोवॉटचे सौर पॅनेल २००० च्या अखेरीस बसले. पहिल्या वर्षांचे आकडे आले तेव्हा प्रत्यक्ष वापर अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. हे जाहीरपणे मांडणारा माणूस बाहेरचा नव्हता. त्याच कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी मीटरवरचे आकडे घेऊन ते तांत्रिक नियतकालिकांत छापले. मोठा अपराधी होता विजेवर चालणारा बॉयलर. एकीकडे जमिनीतून एकास तीन-चार पट ऊब आणणारी यंत्रणा आणि दुसरीकडे वीज थेट जाळून एकास एक ऊब देणारा बॉयलर, अशी जोडी एकाच इमारतीत बसवणे म्हणजे विहीर खोदून झाल्यावर टँकर मागवण्यासारखे होते. मी हे अनेक प्रकल्पांत पाहिले आहे. आराखड्याच्या बैठकांत तत्त्वज्ञान ठरते, आणि अखेरच्या महिन्यांत खर्च आटोक्यात आणताना यंत्रखोलीतली एखादी वस्तू गुपचूप बदलली जाते, कारण ती वस्तू कोणाला दिसत नाही आणि छायाचित्रातही येत नाही.

स्कोफिल्ड यांचा दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो हरित इमारतींच्या जाहिरातींत आजही टाळला जातो. इमारत पूर्णपणे विजेवर चालत असेल, तर तिच्या मीटरवरचे एक युनिट आणि गॅसवर चालणाऱ्या इमारतीतले तेवढ्याच उष्णतेचे एक युनिट यांची थेट तुलना करता येत नाही. त्या काळी ओहायोची वीज मुख्यतः कोळशाची होती, आणि कोळशाच्या केंद्रात साधारण तीन भाग उष्णता जाळली की एक भाग वीज हाती येते. इमारतीच्या दारात मोजलेला आकडा सुंदर दिसतो. खाणीच्या तोंडाशी मोजला की त्याचे सौंदर्य ओसरते.

कॉलेजने या टीकेवर केवळ निवेदन काढून समाधान मानले नाही, म्हणून मी या इमारतीविषयी लिहीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी इमारतीचा बारकाईने अभ्यास केला, बॉयलरच्या जागी हीट पंप आला आणि नियंत्रणांमध्ये सुधारणा झाल्या. या सुधारणांच्या काळात इमारतीचा वार्षिक वापर १,२०,००० युनिटांच्या आसपास होता आणि छप्पर त्यातली जवळपास निम्मी वीज देत होते. चौरस मीटरमागे वर्षाला शंभर युनिटांहून कमी हा आकडा, उणे पंधरा अंशांपर्यंत पारा उतरणाऱ्या गावात आणि ऊब-गारव्यासह, खरोखर चांगला आहे. उरलेली तूट भरून काढण्यासाठी २००६ मध्ये वाहनतळावर मांडव घालून त्यावर १०० किलोवॉटचे आणखी पॅनेल बसवले गेले आणि त्यानंतर वर्षाच्या एकूण हिशेबात इमारत वीज देणारी ठरली. वाहनतळावरचे पॅनेल इमारतीच्या खात्यात धरावेत का, यावर वाद घालता येतो. माझ्या मते धरावेत, पण मग ‘ही इमारत आपल्या छपरावर जगते’ असे म्हणू नये. या इमारतीला जगायला तिच्या छपराच्या अडीच पटीहून जास्त पॅनेल लागले, हीच उपयोगी माहिती आहे, आणि पुढच्या प्रत्येक रचनाकाराने ती पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आणखी एक इशारा. ही पर्यावरण अभ्यासाची इमारत असली तरी तिच्यात प्रामुख्याने वर्ग, कार्यालये आणि एक लहान सभागृह आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा असलेल्या विज्ञान इमारतीला तिचे आकडे लावू नयेत. तिथे खरा खादाड असतो तो फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून छपरावरून बाहेर टाकणारे सरकत्या काचेचे कपाट. ते ओढते ती हवा आधीच तापवलेली किंवा गार केलेली असते आणि ती पुन्हा वापरता येत नाही. जेवढी बाहेर गेली तेवढी नवी हवा आत घेऊन पुन्हा तापवावी लागते, रात्रंदिवस. अमेरिकेतल्याच लॉरेन्स बर्कली या संशोधन प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी काढलेल्या हिशेबानुसार असे एक कपाट साडेतीन अमेरिकन घरांएवढी ऊर्जा खाते. म्हणून विज्ञान इमारतीत पैसा थोडा असेल, तर तो पॅनेलवर घालण्याआधी काच खाली ओढली की हवेचा ओघ आपोआप कमी करणाऱ्या यंत्रणेवर घालावा, आणि काम संपल्यावर काच खाली ओढण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला लावावी. जाता जाता: याच कॉलेजचा पदवीधर चार्ल्स मार्टिन हॉल याने १८८६ साली याच गावात विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची रीत शोधली, आणि कॉलेजच्या विज्ञान केंद्रात त्याचा ॲल्युमिनियमचाच पुतळा आहे. एक किलो ॲल्युमिनियम काढायला आजही तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. सौर पॅनेलच्या चौकटी कशाच्या असतात हे आठवले की त्या पुतळ्यापुढे थोडे थांबावेसे वाटते.

लुईस केंद्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे दालनातला, विजेचे आकडे दाखवणारा संगणकी पडदा. इमारतीत ठिकठिकाणी संवेदक बसवलेले आहेत, आणि या क्षणी किती वीज येते, किती जाते, कुठे जाते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. त्या ढगाळ दुपारी निर्मितीची रेघ तळाला चिकटलेली होती आणि वापराची रेघ तिच्या बरीच वर होती. कोणी ती लपवली नव्हती. प्राध्यापक जॉन पीटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हीच कल्पना पुढे वसतिगृहांत नेली. २००५ मध्ये दोन आठवड्यांच्या स्पर्धेत विद्यार्थ्यांना त्यांचा वापर लगोलग दिसेल अशी सोय केली तेव्हा विजेचा वापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला. स्पर्धेचा जोश ओसरल्यावर त्यातले किती टिकते हा प्रश्न रास्तच आहे, तरीही एकही वीट न हलवता मिळालेली ही बचत आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी, विशेषतः कॉलेजांच्या बांधकाम समित्यांवर बसणाऱ्यांसाठी, एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी: ही इमारत उचलून पुण्यात किंवा नागपुरात ठेवली तर ती भट्टी होईल. ओबर्लिन ४१ अंश अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो, म्हणून दक्षिणेची काच त्याला खोलीच्या आतवर बोलावते. जूनमध्ये तो ७२ अंशांवर असतो आणि लहानशा छज्जाने अडतो. पुण्यात डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. आपल्याला ऊब मिळवायची नसून टाळायची आहे, आणि आपला खरा शत्रू पश्चिमेची दुपार आहे. महाराष्ट्रातल्याच एका कॉलेजात, नाव सांगत नाही, मला ‘हरित’ म्हणून दाखवलेल्या विज्ञान इमारतीची संपूर्ण पश्चिम बाजू काचेची होती. दुपारी तीन वाजता आत जाड पडदे ओढलेले होते, ट्यूबलाइटी लागलेल्या होत्या, आणि मानांकनाच्या पाटीच्या बरोबर वर एसीची सहा बाह्ययंत्रे गरम हवा फेकत होती. पाटीवर पाणी ठिबकत होते.

ओबर्लिनच्या जोडीला भारतीय उदाहरण पाहायचे असेल तर कानपूरच्या आयआयटीतली पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्राची इमारत अभ्यासावी. हरित इमारतींच्या ‘गृह’ या भारतीय मानांकनात पाच तारे मिळवणारी ती देशातली पहिली इमारत. तिथे बाहेरची हवा जमिनीखालच्या बोगद्यातून फिरवून आत आणण्याची सोय केली आहे, आणि खिडक्यांचे आकार व छज्जे तिथल्या उन्हाच्या हिशेबाने ठरवलेले आहेत. कूपनलिकांतून द्रव फिरवण्यापेक्षा बोगद्यातून हवा फिरवणे आपल्या खिशाला आणि आपल्या मिस्त्रीलाही अधिक झेपते.

प्रत्यक्ष पाहायला जाणाऱ्यांनी शक्यतो हिवाळ्यात जावे. जूनमध्ये फळझाडे, पाणथळ बाग आणि चमकणारे पॅनेल असे सगळेच देखणे असते आणि पडद्यावरची रेघही आपोआप वर असते, पण इमारतीची परीक्षा फेब्रुवारीत होते. विद्यार्थी सोबत असेल तर त्याला बागेआधी यंत्रखोली दाखवायची विनंती करावी. बाबांनी निघताना पुन्हा एकदा पडद्यासमोर उभे राहून चष्मा पुसला आणि त्या तळाला चिकटलेल्या रेघेचा फोटो काढायला सांगितला. साताऱ्यातल्या त्यांच्या जुन्या शाळेत दरमहा विजेचे बिल मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जाते. ते फळ्यावर लावायला काय हरकत आहे, असे त्यांनी परत गेल्यावर मुख्याध्यापकांना विचारले. जूनपासून ते सूचना फलकावर लागते, शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे बिल टाचणीने टोचलेले असते.